‘सहा’चं ‘दहा’ होऊ नये म्हणून: हॅम सेटवरचा आवाज समोरच्याला कळेल असा कसा लावायचा

मालवणहून कुणी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, सेटवर सांगतो, “लाटा सहा फूट.” पुण्यात ऐकणारा वहीत लिहून घेतो, “दहा फूट.” मीटरवर सिग्नल नऊ आहे, आवाज खणखणीत आहे, तरीही आकडा चुकला. ‘स’ या अक्षराचा बहुतेक जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो आणि एसएसबी (सिंगल साइडबँड, हॅमची लांब पल्ल्याची बोलण्याची पद्धत) सेटमधून सहसा २७००-२९०० हर्ट्झच्या पुढे काहीच जात नाही. म्हणजे ‘सहा’मधला ‘स’ मालवणातच गळला. पुण्याला पोचला तो नुसता ‘हा’, आणि आधीचं अक्षर ऐकणाऱ्याने अंदाजाने भरलं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. अशा वेळी बॅटरीवर चालणारा सेट आणि दोन माडांमध्ये ताणलेली तार कामाला येते. पण त्या तारेवरून गेलेला आकडा चुकीचा लिहिला गेला, तर तो न जाणंच बरं. नवे हॅम अँटेना आणि वॅट यांवर महिने घालवतात आणि माइककडे बघतही नाहीत. खाली दिलेलं काम दोन रविवारांत उरकतं आणि खर्च शे-दोनशे रुपयांच्या पलीकडे सहसा जात नाही.

प्रसारण करायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. परीक्षेची तयारी चालू असेल तर पहिली पायरी आजच करता येईल, तिला सेट लागत नाही.

पहिली पायरी: घरबसल्या कानाची परीक्षा

संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. एका कागदावर हे शब्द उलटसुलट क्रमाने लिहा: सहा, दहा, सात, साठ, आत, आठ, वीस, तीस, वात, वाट, पोत, पोट, काल, काळ, फळ, पळ, दार, धार, माल, माळ. प्रत्येक शब्दामागे दोन सेकंद थांबत नेहमीच्या आवाजात ते रेकॉर्ड करा. ताणून, नाटकी उच्चार करू नका, नाहीतर परीक्षेला अर्थ उरणार नाही.

मग त्या ट्रॅकची प्रत काढा. प्रतीवर हाय-पास फिल्टर ३०० हर्ट्झ, उतार २४ डेसिबल लावा. त्यावरच लो-पास फिल्टर २७०० हर्ट्झ, उतार तोच. आता जे ऐकू येतं तो साधारण तुमचा एसएसबीवरचा आवाज. दुसऱ्या ट्रॅकवर पांढरा आवाज, म्हणजे व्हाइट नॉइज, तयार करा. त्याची पातळी आधी ०.०५ ठेवा, मग चढवत न्या. ज्याने यादी पाहिलेली नाही अशा घरातल्या कुणालातरी ऐकून लिहायला सांगा.

चुका कुठे होतात ते नीट बघा. स्वर जवळजवळ कधीच चुकत नाहीत. ‘काल’चं ‘काळ’ होतं, ‘पोत’चं ‘पोट’, ‘साठ’चं ‘आठ’. त्यातही ‘स’ गळला तर ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक उरतच नाही.

आता त्या गाळलेल्या ट्रॅकची आणखी एक प्रत घ्या. तीत ४०० हर्ट्झच्या आसपास ६ डेसिबल कमी करा आणि २००० हर्ट्झच्या आसपास ६ डेसिबल वाढवा. दोन्ही प्रतींवर नॉर्मलाइज वापरून सर्वांत उंच टोक −१ डेसिबलवर आणा. ही समानता टाळू नका. सेटची ताकदही टोकावरच ठरते, म्हणून तुलना टोक सारखं धरूनच करायची. त्याच गोंगाटात दुसरी प्रत ऐकवा आणि चुका मोजा. आवाज कानाला पातळ लागेल, पण शब्द जास्त कळतील. ज्याने हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं, तो सेटवर बास वाढवायच्या भानगडीत पुन्हा पडत नाही.

असं का होतं

पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ, बाईचा १६५ ते २५५. हा सूर कापला तरी कान वरच्या स्वरांशांवरून तो मनातल्या मनात भरून काढतो, त्यामुळे अर्थाचं नुकसान होत नाही. ३०० ते ८०० या पट्ट्यात स्वरांचा पहिला अनुनाद (तोंडाच्या पोकळीत घुमून जोर धरणारा भाग) असतो. बोलण्याची बरीचशी ताकद इथे आणि याच्या खाली खर्च होते. व्यंजनांची ओळख मात्र मुख्यतः ८०० च्या वर होते. बेल प्रयोगशाळेतल्या फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी १९४७ साली इंग्रजी अक्षरसमूहांची मोजमापं मांडली. १९०० हर्ट्झच्या आसपास रेघ मारली, तर तिच्या खालचा भाग आणि वरचा भाग आकलनाच्या बाबतीत तुल्यबळ ठरतो, असं त्यांत दिसलं. ताकदीच्या हिशेबात मात्र वरचा भाग खालच्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मराठीत याला आणखी महत्त्व आहे. त–ट, द–ड, न–ण, ल–ळ या जोड्यांत जीभ मागे वळते आणि तिसरा अनुनाद खाली उतरतो. तो फरक साधारण १८०० ते २७०० हर्ट्झमध्ये ऐकू येतो. हाच पट्टा दबलेला असेल तर ‘वाट’ आणि ‘वात’ सारखेच. फिल्टरच्या पलीकडे गेलेला ‘स’ परत आणता येत नाही, पण ‘ट’ आणि ‘ळ’ पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

दुसरी पायरी: माइक, तोंड आणि खोली

हातातला माइक तोंडापासून दोन बोटांच्या अंतरावर, म्हणजे ४-५ सेंटिमीटरवर, आणि थेट ओठांसमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याजवळ तिरका धरा. प, फ, ब, भ म्हणताना सुटणारा वारा समोरून निघून जातो आणि ‘भप्प’ असा ठोका बसत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीतला पंखा मात्र तेवढाच राहतो, म्हणून गेन वाढवलात की पंखाही वाढतो. एकाच दिशेने ऐकणारे स्टुडिओ माइक फार जवळ धरले तर बास आणखी फुगवतात. साध्या, सगळीकडून ऐकणाऱ्या इलेक्ट्रेट कॅप्सूलमध्ये तो दोष नाही. म्हणूनच दहा-वीस रुपयांची ती कॅप्सूल या कामाला महागड्या माइकपेक्षा सोयीची पडते.

कोकणातल्या घरांत दोन गोष्टी नडतात. एक, चिऱ्याच्या किंवा गिलाव्याच्या उघड्या भिंती आणि खाली टाइल. आवाज भिंतीवरून परत माइकमध्ये शिरतो आणि शब्दांच्या कडा पुसल्या जातात. सेटच्या मागच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा, फरक लगेच कळतो. दुसरी गोष्ट, पत्र्यावरचा पाऊस. त्याचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, तो इक्वलायझरने निघत नाही. पडवीतून आतल्या खोलीत जाणं आणि माइक आणखी जवळ घेऊन गेन कमी करणं, एवढाच उपाय.

तिसरी पायरी: बास सेटमध्ये शिरण्याआधीच कापा

“फिल्टर ३०० च्या खालचं कापतोच की, मग वेगळं कापायचं कशाला?” हा प्रश्न सगळे विचारतात. एसएसबी फिल्टर माइक अँप्लिफायरच्या नंतर येतो. बास त्याच्याआधीच अँप्लिफायर आणि कॉम्प्रेसर (हळू आणि मोठ्या आवाजातली दरी कमी करणारी सोय) यांना वेठीला धरतो. शिवाय ३०० ते ५०० चा ढीग फिल्टरमधून सहीसलामत पुढे जातो.

इलेक्ट्रेट कॅप्सूलला सेटमधून किंवा बॅटरीतून ५ ते ८ व्होल्ट, २.२ किलोओहमच्या रोधातून द्या. कॅप्सूलपासून पुढे सिग्नल नेणारा कपॅसिटर हीच तुमची सर्वांत स्वस्त चाळणी. पुढचा इनपुट रोध १० किलोओहम धरला तर १ मायक्रोफॅरड कपॅसिटर १६ हर्ट्झपासून सगळं जाऊ देतो, ०.१ मायक्रोफॅरड १६० पासून आणि ०.०४७ मायक्रोफॅरड सुमारे ३४० पासून. बाजारातल्या बऱ्याच जोडण्यांत १ मायक्रोफॅरड बसवलेला असतो. तो काढून ०.०४७ घाला. तुमच्या सेटचा इनपुट रोध वेगळा असेल तर १ भागिले २π गुणिले रोध गुणिले कपॅसिटर हे सूत्र वापरा. रोध ६०० ओहम असेल तर ०.०४७ घालून आवाज किनरा होईल, तिथे जवळजवळ १ मायक्रोफॅरडच लागतो. याच घाईत अनेकांचे माइक बिघडलेले असतात.

कॅप्सूलच्या दोन पायांवर थेट ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डागा (सोल्डर करा). प्रसारणातली रेडिओ लहर तारेवरून परत माइकमध्ये आली तर ती इथेच जमिनीला जाते.

एक काळजी: आठ पिनांचे गोल प्लग दिसायला सारखे असतात, पण आयकॉम, याएसू आणि केनवुड यांची जोडणी वेगवेगळी असते. काही सेटमध्ये एका पिनेवर व्होल्टेज असतं. मॅन्युअलमधली आकृती समोर ठेवल्याशिवाय डागकामाची इस्त्री तापवू नका.

हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बिटेक्स किंवा तसा घरी जुळवलेला सेट असेल तर बीएफओची, म्हणजे सेटमधली वाहक लहर बनवणाऱ्या ऑसिलेटरची, जागाही तपासावी लागते. बीएफओ क्रिस्टल फिल्टरच्या कडेपासून फार लांब गेला तर आवाज पातळ आणि कर्कश होतो. फार जवळ आला तर मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो आणि ती वाहक लहरही (कॅरिअर) बाहेर गळते. मोबाइलवर टोन जनरेटर घ्या. हेडफोनच्या भोकातून सिग्नल काढून १० किलोओहम आणि १०० ओहमच्या जोडीने तो शंभरपट कमी करा आणि माइकच्या जागी द्या. मोबाइलचा स्पीकर माइकसमोर धरून हे मोजू नका, ५०० हर्ट्झच्या खाली तो स्पीकरच अशक्त असतो. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रोध) ३००, ५००, १०००, १५००, २०००, २५०० आणि २७०० हर्ट्झला बाहेर किती ताकद येते ते मोजा. दोन्ही टोकं मधल्यापेक्षा सारखीच खाली असतील असा बीएफओ लावा. टोन सलग असतो, म्हणून ताकद पाचव्या हिश्श्यावर आणा आणि प्रत्येक मोजणी दोन-चार सेकंदांत उरका.

डमी लोड घरी होतो. २ वॅटचे १ किलोओहमचे २० कार्बन किंवा मेटल फिल्म रोध समांतर जोडले की ५० ओहम, ४० वॅट. तारेच्या गुंडाळीचे रोध घेऊ नका, ते रेडिओ लहरीला कॉइलसारखे वागतात.

चौथी पायरी: सेटमधली बटणं

कारखान्यात बनलेल्या सेटमध्ये डागकाम न करता बरंच साधतं. आयकॉम आयसी-७३०० मध्ये प्रसारणाची रुंदी तीन प्रकारची असते. मुळात ती वाइड १००–२९००, मिड ३००–२७०० आणि नॅरो ५००–२५०० अशी येते. रोजच्या गप्पांना मिड. विजांच्या कडकडाटात, कमजोर सिग्नलवर निरोप पोचवायचा असेल तर नॅरो. वाइड नवख्याने वापरू नये. टोनच्या मेनूत बास −३, ट्रेबल +३ पासून सुरुवात करा.

याएसू एफटी-८९१ मध्ये तीन पट्ट्यांचा पॅरामेट्रिक इक्वलायझर आहे. पहिला २०० हर्ट्झ, −१० डेसिबल. दुसरा ८०० हर्ट्झ, −३. तिसरा २२०० हर्ट्झ, +५. इथे नवे लोक हमखास अडकतात, कारण या सेटमध्ये दोन इक्वलायझर आहेत. एक प्रोसेसर (म्हणजे कॉम्प्रेसर) बंद असतानाचा, दुसरा चालू असतानाचा. पहिल्यात सगळं नीट लावलं आणि प्रोसेसर चालू केला की ते आकडे बाजूला पडतात. दोन्हीकडे भरा.

हे सारं सुरुवातीचं माप आहे. ज्याचा आवाज मुळात बारीक आहे त्याने ट्रेबल वाढवण्याआधी ऐकून बघावं. बाईच्या किंवा लहान मुलाच्या आवाजाला बऱ्याचदा ट्रेबल शून्यावरच चांगला बसतो.

मग माइक गेन. कॉम्प्रेसर बंद ठेवून नेहमीच्या आवाजात बोला. मोठ्या शब्दावर एएलसीचा (ताकद आपोआप आवरणारी सोय) काटा पट्ट्याच्या आत हलला पाहिजे, पट्ट्याबाहेर एकदाही जाता कामा नये. त्यानंतर कॉम्प्रेसर चालू करा आणि ५ ते १० डेसिबलपर्यंत न्या. व्यंजनं स्वरांपेक्षा फार कमजोर असतात. सर्वांत जोरदार आणि सर्वांत क्षीण ध्वनींत सुमारे २८ डेसिबलचा फरक असतो. कॉम्प्रेसर ही दरी थोडी भरतो, त्याचा उपयोग तेवढ्यापुरताच. १५ डेसिबलला नेलात की शब्दांच्या मधल्या जागेत पंखा, पाऊस आणि समुद्राची गाज उसळून वर येते. बोलायचं थांबून पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबून ठेवा. मीटर पूर्ण खाली बसत नसेल तर कॉम्प्रेसर जास्त आहे.

हँडीवर

दोन मीटर पट्ट्यावरच्या हँडीचा, म्हणजे हातातल्या वॉकीटॉकीचा, हिशेब वेगळा. एफएममध्ये जास्त आवाजाने ताकद वाढत नाही, डेव्हिएशन (लहरीची वारंवारिता किती सरकते ते) वाढतं, आणि एका मर्यादेनंतर सेट ते छाटून टाकतो. छाटलेल्या आवाजात ‘च’, ‘ज’, ‘श’ सगळे खरखर होऊन येतात. म्हणून ओरडू नका. समोरचा “फाटतोय” म्हणाला तर हँडी तोंडापासून वीतभर लांब न्या. नॅरो आणि वाइड ही सेटिंग दोन्हीकडे एकच हवी: वाइडला डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झ, नॅरोला २.५. वाइडवाला नॅरोवाल्याशी बोलला तर मोठे शब्द फुटतात. उलट झालं तर आवाज बारीक येतो, आणि मग माणूस ओरडायला लागतो.

वाऱ्यात पाठ वाऱ्याकडे करून बोला. माइकचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं असतं. ते कुठे आहे ते बघून ठेवा, बरेच जण त्याच्यावरच बोट ठेवतात.

ऐकण्याची बाजू

आपला आवाज सुधारून अर्धंच काम होतं. सेटचा स्वतःचा स्पीकर बहुधा वर किंवा खाली तोंड करून बसवलेला असतो. ३-४ इंचाचा, ८ ओहमचा साधा स्पीकर कानाच्या उंचीवर, तोंड आपल्याकडे करून ठेवा. मोठ्या म्युझिक सिस्टीमला जोडू नका, तिचा बास इथे शत्रू आहे.

मे-जूनमध्ये ४० मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर विजांचे कडाके सतत असतात. तेव्हा फिल्टर २.४ वरून १.८ किलोहर्ट्झवर आणा, पण तो ५०० ते २३०० असा बसेल हे बघा. २००–२००० असा बसला तर नेमका कामाचा भाग कापला जाईल. एजीसी (ऐकण्याची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) फास्ट ठेवा, आरएफ गेन थोडा उतरवा. डिजिटल नॉइज रिडक्शन तिसऱ्या हिश्श्यापेक्षा वर नेऊ नका. ते ‘त’ आणि ‘क’चे छोटे ठोके गोंगाट समजून पुसतं, आणि मग आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. ट्यूनिंगही तपासा. शंभर-दीडशे हर्ट्झ चुकलं तरी सगळे अनुनाद सरकतात आणि माणूस बदकासारखा बोलतो. क्लॅरिफायर (ट्यूनिंग बारीक सरकवणारं बटण) फिरवून आवाज माणसाचा करा, मगच लिहायला घ्या.

जे फिल्टरला जमत नाही ते बोलण्याने भरून काढायचं

‘स’ परत आणता येत नाही हे वर आलंच. म्हणून आकडे एकेक करून सांगा. ७२ ला ‘बाहत्तर’ न म्हणता “सात, दोन”. पंचावन्न–पंच्याण्णव, त्रेपन्न–त्र्याण्णव, एकोणसाठ–एकोणसत्तर या जोड्या गोंगाटात वेगळ्या राहत नाहीत. सुटा आकडा महत्त्वाचा असेल तर मोजत त्याच्यापर्यंत या: “सहा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.” चार सेकंद जास्त जातात आणि ‘दहा’ची शंका मुळापासून संपते.

गावाचं नाव एकटं सांगू नका. मुरुड जंजिऱ्याचंही आहे आणि दापोलीचंही. खेड रत्नागिरीत आहे, पुण्यातही. पाली रायगडातही आहे आणि रत्नागिरीजवळही. तालुका, जिल्हा जोडा: “मुरुड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी.” हाक आणि कॉलसाइन (परवान्यावरची ओळख) मात्र अल्फा, ब्राव्हो, चार्लीतच द्या.

पीटीटी दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिलं अक्षर तुटतं. सहा-सात शब्द झाले की थांबा. ऐकणाऱ्याने ते उलट वाचून दाखवावं आणि “बरोबर” ऐकल्यावरच पुढचं घ्यावं.

बिघाड ओळखायचा कसा

फक्त जास्त ताकदीवर आवाजात गुरगुर येते आणि १० वॅटवर जाते: रेडिओ लहर माइकमध्ये शिरते आहे. माइकच्या तारेवर सेटजवळ फेराइटचा क्लिप लावा, तारेचे दोन-तीन वेढे त्यातून काढा आणि अँटेनाच्या फीडरवर (सेटपासून अँटेनाला जाणाऱ्या केबलवर) चोक, म्हणजे लहर अडवणारी गुंडाळी, घाला. डायपोल (तारेची अँटेना) घराच्या कौलांवरून गेलेला असला की हे हमखास होतं.

आवाज महिन्यागणिक मंद होत जातो: खारा वारा. कोकणात माइकची कॅप्सूल, जाळी आणि प्लगच्या पिना यांच्यावर मिठाचा थर चढतो, पितळ हिरवं पडतं. सेट बंद करून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. माइक सिलिका जेलची पुडी घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुड्या पावसाळ्यात पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर वाळवा. कॅप्सूल ओलसर होऊन बसली असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका, बदला.

पहिल्या पायरीतली वीस शब्दांची यादी जपून ठेवा. सेट डमी लोडवर लावून दुसऱ्या रिसीव्हरवर ती रेकॉर्ड करा, फाइलला तारीख द्या. मे संपता संपता आणि दर दुरुस्तीनंतर हीच यादी पुन्हा वाचून जुन्या फाइलशी ताडून बघा. ‘काळ’चं ‘काल’ ऐकू यायला लागलं की जाळी आणि पिना साफ करायची वेळ झाली.